बीच टेनिसमध्ये संघ इतक्या वेळा बाजू का बदलतात?

बीच टेनिसचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही ये-जा जरा अतिच वाटते. पहिला गेम संपतो न संपतो तोच दोन्ही जोड्या जाळीच्या पलीकडे! मग तिसऱ्या गेमनंतर, पाचव्यानंतर, असं प्रत्येक विषम गेमनंतर. नियम टेनिसमधूनच आलाय, पण त्याची खरी गरज वाळूवर आहे.

इथे चेंडूचा टप्पा पडू द्यायचा नसतो, तो हवेतच परतवायचा. चेंडूतला दाबही नेहमीपेक्षा कमी, म्हणून वाऱ्याने तो सहज भरकटतो. त्यात सर्व्हिसची संधी एकच; चुकली की गुण गेला. (वारा पाठीशी असला की बरं, हाही एक गैरसमज. पाठीमागचा वारा चेंडू रेषेबाहेर नेतो. समोरच्या वाऱ्यात जोरात मारलेला चेंडूही आत पडतो.)

पहिल्याच गेमनंतर बदल कशाला? पहिल्या गेमची सर्व्हिस ज्या टोकाकडून झाली, त्याच टोकाकडून दुसऱ्या गेममध्ये प्रतिस्पर्धी सर्व्हिस करतो. म्हणजे दोघांच्या वाट्याला लागोपाठ तोच वारा, तेच ऊन येतं.

टायब्रेकमध्ये तर हिशेब आणखी काटेकोर आहे. टेनिसमध्ये एरवी दर सहा गुणांनी बाजू बदलतात. बीच टेनिसमध्ये पहिल्या गुणानंतर आणि मग दर चार गुणांनी. समजा टायब्रेक ७-० असा संपला. टेनिसच्या पद्धतीने सहा गुण एका बाजूला आणि एकच दुसऱ्या बाजूला झाला असता. इथे विभागणी ३ आणि ४ अशी होते. बीच व्हॉलीबॉलमध्येही पहिल्या दोन सेटमध्ये दर ७ गुणांनी आणि निर्णायक सेटमध्ये दर ५ गुणांनी बदल होतो, तो याचसाठी.

हौशी स्पर्धांमध्ये वेळ वाचवायला सेट संपेपर्यंत बाजू न बदलण्याचा मोह होतो. माझ्या मते ही काटकसर चुकीच्या जागी आहे. कोकणात किंवा गोव्यात समुद्र पश्चिमेला. कोर्ट समुद्राकडे तोंड करून आखलं, तर संध्याकाळी एका जोडीच्या डोळ्यांवर थेट सूर्य येतो आणि सेट संपून बाजू बदलेपर्यंत तो मावळलेलाही असतो. वेळ कमीच असेल तर सेट सहाऐवजी चार गेमचा करावा आणि कोर्ट किनाऱ्याला समांतर आखावं. वारा मात्र तरीही राहणारच, म्हणून विषम गेमनंतरचा बदल वगळू नये.