विकत घेतलेली पाटी आणि तिचें स्वामित्व

पाटी-पेन्सिलीचा जमाना संपला असें आपण म्हणत होतों, तोंच पाटी नव्या रूपानें घरांत परत आली आहे. ई-इंक पडद्याच्या टॅब्लेटवर कागदावर लिहिल्याप्रमाणें लिहितां येतें, डोळ्यांस झगझगाट होत नाहीं, आणि एकदां उमटलेलें पान वीज न खर्चतां तसेंच राहतें. कॉलेजांत जाणारा मुलगा म्हणतो, “बाबा, हिच्यांतलें सॉफ्टवेअर थोडें बदलून मला आवडतें तें देवनागरी वळण मी बसविणार आहें.” वडील म्हणतात, “अरे, कंपनीनें दिलेलें बदलणें हा गुन्हा तर नाहीं ना? आणि एवढी महागाची वस्तु बिघडली म्हणजे?” दोन्ही शंका रास्त आहेत, पहिली कायद्याची, दुसरी व्यवहाराची. एकीचें उत्तर दुसरीस लावल्यामुळेंच अशा वेळीं घरांत व्यर्थ वाद होतात.

‘स्वत्व’ म्हणजे काय, याचा आपल्या नैयायिकांनीं पुष्कळ खल केला आहे. वस्तूचा यथेष्ट विनियोग करण्याची योग्यता तें स्वत्व, असें एक लक्षण सांगत. परंतु रघुनाथ शिरोमणीस तें पटलें नाहीं. दुसऱ्याचें अन्नहि खातां येतेंच; शास्त्र त्याचा निषेध करतें म्हणावें, तर तें अन्न परक्याचें आहे हें आधीं ठरलें पाहिजे. म्हणून त्यानें स्वत्व हा निराळाच पदार्थ मानिला. प्रस्तुत प्रश्नांत हा विचार उपयोगी पडतो. एखादा बदल आपल्या हातून होऊं शकतो एवढ्यावरून तो करण्याचा हक्क सिद्ध होत नाहीं; आणि पाटी आपली म्हणून तिच्यांतील सर्व कांहीं आपलें, असेंहि नाहीं. यंत्र आपण विकत घेतों. त्यांतील प्रोग्रॅम परवान्याच्या अटींवर मिळतात.

उदाहरणादाखल ओस्लो येथील रिमार्केबल कंपनीची पाटी घेऊं. पहिली २०१७ सालीं ग्राहकांच्या हातीं आली, दुसरी २०२० सालीं. तिच्या सॉफ्टवेअरची रचना जुन्या वाड्यासारखी आहे. तळाशीं लिनक्सचा गाभा आहे. तो जी.पी.एल. नामक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखालीं असल्यामुळें त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ संहिता, वाचावी, बदलावी. फक्त बदललेली प्रत दुसऱ्यास दिल्यास तिची संहिताहि त्याच अटींवर द्यावी. ही ओसरी सर्वांस मोकळी. परंतु ज्याच्यामुळें लेखणी उमटते आणि पानें उलटतात तो मुख्य प्रोग्रॅम कंपनीचा खासगी आहे, व त्याची संहिता ती देत नाहीं. हें माजघर झालें.

पहिल्या दोन्ही पाट्यांत परवान्यांच्या माहितीच्या पानावर एक पासवर्ड दिलेला असतो; पाटी संगणकास जोडून तो दिला कीं तिचे सर्वाधिकार मिळतात. हें कोणास कंपनीचें औदार्य वाटेल, परंतु त्यामागें इतिहास आहे. अमेरिकेंत टिव्हो नांवाच्या, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टिपून ठेवणाऱ्या यंत्रांत लिनक्स होता. कंपनीनें नियमाप्रमाणें संहिता दिली, पण बदललेली संहिता यंत्र चालूंच देत नसे. जेवावयास बोलावून हात बांधून ठेवावे, तसा हा प्रकार! म्हणून २००७ सालीं निघालेल्या जी.पी.एल.च्या तिसऱ्या आवृत्तींत अशी अट आली कीं, घरगुती वापराच्या यंत्रांत असे प्रोग्रॅम घातल्यास ते बदलून पुन्हां बसविण्याची माहितीहि ग्राहकास दिली पाहिजे. लिनक्सचा गाभा स्वतः दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. परंतु इतर प्रोग्रॅमांमुळें ही अट पाटीस लागूं झाली. सारांश, तो पासवर्ड ही मेहेरबानी नव्हे, तो ग्राहकाचा हक्क आहे. २०२४ सालीं निघालेल्या रंगीत पाटींत मात्र आधीं ‘डेव्हलपर मोड’ चालू करावा लागतो, आणि तो चालू करतांच पाटीवरील मजकूर पुसला जातो.

आतां आपला कायदा पाहूं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कायदेशीर रीतीनें मिळविलेल्या स्वतःच्या प्रतीवरून खासगी व अव्यापारी उपयोगासाठीं प्रोग्रॅमची प्रत करणें किंवा त्यांत फेरफार करणें हा हक्कभंग होत नाहीं. २०१२ च्या दुरुस्तीनें आलेल्या ६५अ कलमांत तांत्रिक कुलूप मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. पण तें कुलूप हक्कभंगाच्या हेतूनें मोडलें असेल तर. या ‘हेतु’ शब्दावर सर्व भिस्त आहे. विकतच्या पुस्तकाचें कुलूप मोडून त्याच्या प्रती वांटणें निराळें, आणि आपल्या पाटीवरील अक्षराचें वळण बदलणें निराळें. बदललेला खासगी प्रोग्रॅम मित्रांस देणें मात्र खासगी उपयोगांत बसत नाहीं. जाणते लोक म्हणूनच केवळ फरकाचा तुकडा देतात, आणि तो ज्याचा त्यानें आपल्या प्रतीवर लावावयाचा असतो. शिवाय गुन्हा नव्हे म्हणजे करारभंग नव्हे, असेंहि समजूं नये. अशा बदलानें झालेल्या बिघाडाची हमी कंपनी नाकारूं शकते.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं हें माप तेथें लावूं नये. तेथील १९९८ च्या कायद्यांत कुलूप मोडण्यासच प्रायः मनाई असून, सूट दर तीन वर्षांनीं काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख जाहीर करतात. २०१० सालीं ती फोनांस मिळाली. २०१२ सालीं टॅब्लेटांस नाकारली गेली, कारण टॅब्लेट कशास म्हणावें हेंच निश्चित होईना. २०१५ सालीं ती टॅब्लेटांसहि मिळाली, परंतु मुख्यतः नानाविध प्रोग्रॅम चालविण्यासाठीं बनविलेल्या यंत्रांपुरती. एकाच प्रकारचा मजकूर वाचण्या-पाहण्यासाठीं केलेलीं यंत्रें तींत येत नाहींत. एकाच जातीच्या पडद्याचीं दोन यंत्रें, पण कायदा दोहोंस निराळा!

येथवर झाली कायद्याची मर्यादा. व्यवहाराची मर्यादा याहून कठोर आहे, कारण ती कोणाचा हेतु विचारीत नाहीं. ई-इंकच्या पडद्यांत सूक्ष्म कुप्या असून त्यांतील विद्युद्भारित पांढरे व काळे कण विजेच्या दाबानें वरखालीं होतात. कोणत्या तपमानास, किती क्षण, कसा दाब द्यावा याचें कोष्टक असतें. तें नीट पाळलें नाहीं व उलटसुलट दाबांचा तोल सुटला, तर पडद्यावर छाया उरते आणि कालांतरानें तो कायमचा बिघडूं शकतो. रिमार्केबलच्या दुसऱ्या पाटींत हें काम निराळ्या नियंत्रकाकडे नसून त्याच खासगी प्रोग्रॅमाच्या पोटांत आहे. त्यामुळें ओसरी मोकळी असूनहि पडद्यावर साधी एक रेघ ओढावयाची तरी माजघरांतून जावें लागतें.

दुसरी अडचण नव्या आवृत्तीची. पाटींत प्रणालीच्या दोन जागा असतात. नवी आवृत्ति आली कीं ती दुसऱ्या जागेंत संपूर्ण लिहिली जाते आणि पाटी तेथून चालूं लागते. मोठ्या कष्टानें बसविलेलें देवनागरी वळण मग दिसेनासें होतें. आवृत्ति अडवून धरावी, तर सुरक्षिततेच्या दुरुस्त्याहि अडतात.

या सर्वांत एक गोष्ट निर्विवाद आपली असते: आपण स्वतः त्या पाटीवर लिहिलेला मजकूर. गाभा जगाचा, मुख्य प्रोग्रॅम कंपनीचा. परंतु आजींनीं सांगितलेल्या व सूनबाईंनीं उतरून घेतलेल्या ओव्या, मुलाचीं टिपणें, वडिलांनीं लिहिलेली कुळाची वंशावळ, यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाहीं. आणि प्रयोग फसला तर पहिला घाला यांवरच पडतो. ५२ वें कलम शिक्षेपासून वांचवील, पुसलेलें अक्षर परत देणार नाहीं. हमीपत्रहि यंत्राचें असतें, मजकुराचें नव्हे.

म्हणून वडिलांनीं कायद्याचा धाक घालून मुलास थांबवूं नये. त्याची जिज्ञासा विद्येचीच आहे. मुलानेंहि कायदा आपल्या बाजूस आहे एवढ्यावर निर्धास्त होऊं नये. पाटीस हात लावण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकाचा मजकूर संगणकावर उतरवून, तो तेथें उघडतो कीं नाहीं हें त्या त्या माणसास दाखवावें. आजींनीं आपल्या ओव्या तेथें वाचून पाहिल्या, म्हणजे मग पासवर्डाचें पान उघडावें.