रुग्णालयातील दिवाळी: भेट की हक्क?

भाद्रपद सरत आला की बीड जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांच्या परिसरात दोन निरनिराळ्या तयाऱ्या सुरू होतात. आत, कार्यालयाबाहेरच्या फलकावर कर्मचाऱ्यांसंबंधीच्या सूचना लागतात. कोणाची बदली झाली, कोण नव्याने रुजू झाले, कोणाचा निरोपसमारंभ आहे, सण-अग्रिमाचे अर्ज केव्हापर्यंत द्यावयाचे आणि दिवाळीत कोणाची कोणती पाळी, हे त्यावरून कळते. खंडेनवमीला उपकरणांची पूजा होते, धनत्रयोदशीला धन्वंतरीच्या तसबिरीला हार चढतो. बाहेर, गावागावांतून, मुकादमाची उचल घेतलेली जोडपी संसाराची बोचकी बांधू लागतात. दसरा झाला की ती पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. त्यांची दिवाळी कारखान्याच्या परिसरातील कोपीतच होते. या दोन तयाऱ्यांना जोडणारा दुवा म्हणजे गावातील आशा स्वयंसेविका. पण तिचे नाव फलकावरील कोणत्याच यादीत सहसा नसते.

फलक बारकाईने वाचला तर एकाच छपराखाली चार वर्ग नांदतात असे दिसून येते. कायम कर्मचाऱ्याला सण-अग्रिम मिळतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिका तेच काम करते, पण तिचा करार मुदतीचा असतो. झाडलोट करणारा आणि पहाऱ्यावरचा माणूस खाजगी ठेकेदाराचा नोकर असतो. आशा तर शासनाच्या लेखी कामगारही नाही. ती ‘स्वयंसेविका’, आणि तिला मिळते ते ‘मानधन’. रुग्णाला मात्र यांतील कोणाहीवाचून चालत नाही.

या व्यवस्थेचे खरे स्वरूप २०२३ साली उघड झाले. ऐन नवरात्रात, १८ ऑक्टोबरपासून, राज्यातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. दिवाळी तोंडावर आली तेव्हा सरकारने आशांच्या मानधनात सात हजारांची वाढ आणि दोन हजार रुपयांची दिवाळी भेट जाहीर केली. संप मिटला, पण वाढीचा लेखी आदेश निघेना. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले, आणि मार्चमध्ये जी वाढ पदरात पडली ती पाच हजारांची. त्याआधी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला होता. सन्मान जागतिक, आणि हिशेब मात्र तोंडी आश्वासनाचा!

‘भेट’ हा शब्द निरागस नाही. अंगणवाडी सेविकेला दिवाळीत जी रक्कम मिळते तिला शासन ‘भाऊबीज भेट’ म्हणते. भावाने ओवाळणी किती घालावी हे बहीण ठरवीत नाही. कमी पडली तर ती तक्रार करीत नाही आणि भाऊ आलाच नाही तर कोर्टात जात नाही. नात्यातील हा गोडवा मालक आणि मजूर यांच्या व्यवहारात आणला की मजुराचा हक्क आपोआप नाहीसा होतो.

मुंबईच्या कामगाराने हा धडा शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून काही वर्षे गिरणीमालकांनी बोनस दिला आणि १९२३ सालचा बोनस नाकारला. १९२४ च्या आरंभी सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला. चौकशी समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. या बक्षिसाचे हक्कात रूपांतर होऊन बोनसचा कायदा यायला १९६५ साल उजाडले. किमान बोनस पुढे ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाकाठी एक महिन्याचा पगार. आणीबाणीत १९७५ साली तो चार टक्क्यांवर आणला गेला आणि १९७७ साली जनता सरकारने पूर्ववत केला. दिलेला हक्कही काढून घेता येतो, हे कार्यकर्त्यांनी यावरून ध्यानात ठेवावे.

रुग्णालयांच्या बाबतीत कायद्याने मात्र चमत्कारिक भूमिका घेतली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन सेविकांना कामावरून कमी केले गेले, त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली रुग्णालय हा ‘उद्योग’ असल्याचे मान्य केले. १९७० साली हे मत फिरले आणि १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात पुन्हा प्रस्थापित झाले. तरी १९६५ च्या बोनस कायद्यातून सरकारी खाती आणि नफ्यासाठी न चालणारी रुग्णालये वगळलेलीच राहिली. २०१९ च्या वेतनसंहितेनेही तो अपवाद कायम ठेवला. म्हणजे नोकरी गेल्यावर न्याय मागताना जो कामगार ठरला, तोच दिवाळी आली की सेवाव्रती ठरतो.

यावर असा आक्षेप येतो की जेथे नफाच नाही तेथे वाटा कशाचा मागायचा? परंतु बोनस हा केवळ नफ्यातील वाटा नव्हे. मिळणारे वेतन आणि जगण्यास पुरेसे वेतन यांतील तूट काही अंशी भरून काढणारी ती रक्कम आहे. म्हणूनच तोट्यातील कारखान्यालाही किमान बोनस चुकत नाही. मुंबई महानगरपालिकाही बोनस कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे. तरीही २०२४ च्या दिवाळीत तिने आपल्या कर्मचाऱ्यांना २९ हजार रुपये सानुग्रह अनुदान दिले. तिच्या सामुदायिक आरोग्य सेविकांना मात्र १२ हजार, आणि तेही ‘भाऊबीज भेट’ म्हणूनच. द्यायचे ठरवले तर मार्ग सापडतो, हे त्यावरून दिसते; आणि मार्ग सापडला तरी पायरी बदलत नाही, हेही दिसते.

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली जी माहिती पुढे आणली तीनुसार, जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. फडावरचा एक खाडा परवडत नाही म्हणून बाईने आपला अवयव गमवावा, अशी ही अर्थव्यवस्था आहे. त्यानंतर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. परंतु परवानगीचा कागद आजार टाळीत नाही. तो टाळायचा तर टोळी निघण्यापूर्वी तपासणी, गरोदर बाईची नोंद आणि मुलांचे लसीकरण व्हावयास हवे. ही कामे दसऱ्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांतच होऊ शकतात, आणि गावातली प्रत्येक चूल ओळखणारी आशाच ती घडवून आणू शकते. रुग्णालयाची सणाची खरी तयारी ती हीच.

म्हणूनच २०२३ च्या संपाची झळ कोणाला लागणार होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑक्टोबरात काम थांबले की टोळीबरोबर निघणारी गरोदर बाई नोंदीवाचून जाण्याचा धोका असतो. तिला शासनही विचारीत नाही आणि संघटनाही. याचा दोष संप करणारीवर टाकता येणार नाही. दर वर्षी ऐन सणात संपावाचून ऐकायचेच नाही, असे ठरवणाऱ्या सरकारवर तो जातो. परंतु आशा आणि ऊसतोड स्त्री एकाच वस्तीत राहतात, पुष्कळदा एकाच घरातल्या असतात. या दोघींच्या मागण्या एकत्र मांडणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

त्यासाठी पुढील सणाची वाट पाहण्याचे कारण नाही. ठेकेदाराकडे वीस किंवा अधिक कामगार असतील तर ठरीव वेतनमर्यादेतील सफाई व पहारा कामगारांना आजच्याच कायद्याने किमान बोनस मिळतो. तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात त्याची चौकशी करावी. सर्व वर्गांचे थकलेले वेतन व मानधन घटस्थापनेपूर्वी चुकते व्हावे. आशांचे मानधन व दिवाळीची रक्कम यांचा लेखी आदेश जूनमध्येच निघावा. टोळी निघण्यापूर्वीची तपासणी हे मोजले जाणारे आणि मोबदल्याचे काम ठरावे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा ‘मानसेवी’ हा शब्द आड आला नाही. तो दाखला आशांच्या बाबतीतही हाती घ्यावा.

अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय स्वामी रामानंद तीर्थांचे नाव सांगते. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. परंतु तत्पूर्वी ते कामगारनेते ना. म. जोशी यांचे सहकारी होते, याचा विसर पडला आहे. त्यांचे नाव सांगणाऱ्या महाविद्यालयाच्या जिल्ह्यातील रुग्णालयांत दिवाळी कंदील जरूर लागावा. मात्र त्याखाली उभ्या असलेल्या बाईच्या हाती ओवाळणी नव्हे, तिचा पगार असावा.