नव्या देशातील उमेदवारी

कॅनडाने १९६७ साली स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणांकन पद्धती स्वीकारली. अर्जदाराचा वंश वा मायदेश न पाहता त्याचे शिक्षण, वय, भाषाज्ञान आणि व्यावसायिक कौशल्य पाहून प्रवेश द्यावयाचा, हे तत्त्व त्या पद्धतीने प्रस्थापित केले. २०२१ च्या जनगणनेनुसार त्या देशातील दर शंभर रहिवाशांपैकी २३ जण स्थलांतरित आहेत आणि त्याआधीच्या पाच वर्षांत आलेल्यांमध्ये भारतात जन्मलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे १८.६ टक्के आहे. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. तथापि देशाचे दार उघडणे आणि कचेरीचे दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पदवीला आणि अनुभवाला गुण देऊन सरकार माणसाला बोलावून घेते, त्याच पदवीला आणि अनुभवाला टोरोंटोतील मालक पुष्कळदा विचारीत नाही. परिणामी मायदेशी हिशेबतपासनीस असलेला माणूस तेथे टॅक्सी चालवितो आणि इंजिनीअर गोदामात खोकी उचलतो.

अनुभवाचे दुष्टचक्र

या विसंगतीच्या मुळाशी एक छोटी अट आहे. ती म्हणजे कॅनडातील कामाच्या अनुभवाची. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही आपल्याकडील म्हण येथे तंतोतंत लागू पडते.

या अटीमागे मालकाचा केवळ दुष्टावा आहे असे मानणे बरोबर नव्हे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये आणि मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची जितकी माहिती असते तितकी घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजार नीट चालत नाही. श्रमाच्या बाजारालाही हे लागू आहे. टोरोंटो विद्यापीठाची पदवी म्हणजे काय, हे तेथील मालकाला ठाऊक असते. नागपूरच्या वा कोल्हापूरच्या पदवीचे मोल त्याला ठाऊक नसते, ते शोधण्यास वेळ व पैसा लागतो आणि अर्जांचा ढीग समोर असताना तो खर्च करण्याची त्याला गरज भासत नाही.

परंतु अज्ञान ही अर्धीच गोष्ट झाली. टोरोंटोतील अर्थशास्त्रज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी हजारो काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी नावाच्या आणि कॅनडात शिकून अनुभव घेतलेल्या अर्जदारांपैकी १६ टक्क्यांना मुलाखतीचे बोलावणे आले. चिनी, भारतीय वा पाकिस्तानी नावाच्या आणि परदेशी शिक्षण-अनुभव असलेल्या अर्जदारांच्या बाबतीत हे प्रमाण ५ टक्के होते. ब्रिटनमधून आलेल्या अर्जदारांना मात्र असा फटका बसला नाही. परदेशी अनुभव हाच अडथळा असता, तर तो ब्रिटिश माणसालाही आडवा आला असता. तेव्हा अज्ञानाच्या जोडीला पूर्वग्रहही आहे, हे मान्य करावे लागते.

वेतन का हवे?

हे चक्र भेदण्याचा एक मार्ग म्हणजे सवेतन उमेदवारी. 'करिअर एज' ही ना-नफा संस्था १९९६ मध्ये तेथील उद्योगांनी स्थापन केली, ती मुळात स्थानिक नवपदवीधरांसाठी. नोकरीच्या अनुभवाअभावी अडलेल्या तरुणांना ठराविक मुदतीची पगारी उमेदवारी मिळवून द्यावयाची, ही तिची कल्पना. २००३ मध्ये हीच कल्पना परदेशात शिकून व काम करून आलेल्यांसाठी 'करिअर ब्रिज' या नावाने लागू करण्यात आली. नवागताने आपल्याच क्षेत्रात चार महिन्यांपासून वर्षापर्यंत काम करावे, त्याचा मोबदला घ्यावा आणि शेवटी कॅनडातील अनुभव व शब्द टाकणारा वरिष्ठ या दोन्ही गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात, असे तिचे स्वरूप होते.

यात मालकाचाही लाभ आहे. कायम नेमणुकीतील चूक महागात पडते. मुदतीच्या उमेदवारीत ती स्वस्तात कळून येते. कागदावरून न समजणारी पात्रता त्याला प्रत्यक्ष कामातून दिसते. म्हणजेच उमेदवारी ही दया नव्हे, माहिती मिळविण्याचा तो एक रास्त व्यवहार आहे.

मात्र 'सवेतन' हा शब्द गाळला की या व्यवहाराचा तोल जातो. "काही महिने फुकट काम करा, अनुभव मिळेल," असा सल्ला नवागतांना सर्रास दिला जातो. रुपयांत साठविलेली पुंजी डॉलरमध्ये खर्च करणाऱ्या आणि पहिल्या महिन्यापासून घरभाडे देणाऱ्या कुटुंबाला हे कसे परवडावे? ज्याच्या पाठीशी पैसा आहे तोच फुकट राबू शकतो, आणि मग अनुभवाची संधी गुणवंताला न मिळता सधनाला मिळते. दुसरे असे की, ज्या श्रमाला मालकाने दाम मोजलेला नाही, त्या श्रमाचा नीट उपयोग करून घेण्याची निकडही त्याला नसते. पगार घेणाऱ्याला काम दिले जाते. फुकट्या उमेदवाराला बहुधा झेरॉक्सच्या यंत्रापाशी उभे केले जाते. आपल्याकडील १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानेही विद्यावेतनाची तरतूद केली, ती याच न्यायाने. शिकणारा माणूसही काही उत्पादन करीत असतो.

ओळख आणि वशिला

दुसरा मार्ग ओळखींचा. हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला वशिला आठवतो आणि त्याची नापसंती साहजिक आहे. परंतु दोहोंत भेद आहे. वशिला अपात्राला जागा मिळवून देतो. ओळख पात्र माणसाची बातमी योग्य जागी पोहोचविते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत बोस्टनजवळील न्यूटन गावातील नोकरदारांची पाहणी करून १९७४ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. पाहणीतील सुमारे ५६ टक्के लोकांना नोकरी ओळखीतून लागली होती. विशेष म्हणजे, या ओळखी बहुतांशी जिवलगांच्या नव्हत्या. अधूनमधून वा क्वचित भेटणाऱ्यांच्या होत्या. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. नवी बातमी येते ती दूरच्या वर्तुळातून.

मुंबईच्या गिरणगावाने याची दुसरी बाजू पाहिली आहे. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण गावकीच्या खोलीत वळकटी टाकी, खानावळीत जेवी आणि नातलगाच्या शब्दावर जॉबरपुढे उभा राही. त्याला बदली कामगार म्हणून काम मिळे खरे. पण बहुधा नातलग होता त्याच खात्यात, आणि पुष्कळदा जॉबरला दस्तुरी चारून. घट्ट नात्यांनी त्याला आसरा दिला, परंतु चौकटही आखून दिली.

परदेशातील मराठी मंडळांच्या बाबतीतही हे ध्यानात ठेवावयास हवे. गणेशोत्सव, नाटके, नवख्याला खोली शोधून देणे, ही त्यांची कामगिरी मोलाची आहे. परंतु नवागतांनी केवळ नवागतांतच वावरावयाचे ठरविले, तर गोदामातील रिकाम्या जागेची बातमी लागेल, कचेरीतील जागेची लागणार नाही. टोरोंटोत २००३ मध्ये स्थापन झालेल्या स्थलांतरितांच्या रोजगारविषयक परिषदेने पुढच्याच वर्षी मार्गदर्शनाचा एक उपक्रम सुरू केला, तो नेमका या उणिवेवर बोट ठेवणारा. त्यात नवागताची गाठ त्याच व्यवसायात तेथे स्थिरावलेल्या व्यक्तीशी घालून दिली जाते. हा मार्गदर्शक नोकरी देत नाही. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, त्या व्यवसायाची बोलण्याची रीत कोणती, हे तो सांगतो आणि आपल्या वर्तुळातील चार माणसांना भेटवितो.

आक्षेप आणि मर्यादा

पंधरा वर्षे अधिकारपदावर काम केलेल्याने पुन्हा उमेदवारी करावी, यात त्याचा अपमान नाही काय, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. मुदत अनिश्चित असेल, काम हलके असेल आणि उमेदवार बदलत राहून जागा कायमची स्वस्तात चालविली जात असेल, तर ती उमेदवारी नव्हे, पिळवणूकच होय. म्हणून ठरलेली मुदत, रास्त वेतन, पात्रतेला साजेसे काम आणि अखेरीस लेखी अभिप्राय या चार अटी अपरिहार्य मानल्या पाहिजेत. डॉक्टरांसारख्या परवान्याच्या व्यवसायात तर उमेदवारी पुरत नाही. तेथे परवाना देणाऱ्या मंडळांनीच आपली दारे रुंद करावयास हवीत.

कायदा हळूहळू त्या दिशेने सरकत आहे. ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये कॅनडातील अनुभवाची अट ही सकृद्दर्शनी भेदभाव ठरते, असे धोरण जाहीर केले. तेथील अभियंत्यांच्या परवाना मंडळाने २०२३ मध्ये ही अट काढून टाकली. १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस वा अधिक नोकर असलेल्या मालकांना जाहीर जाहिरातीत ती घालण्यास त्या प्रांतात मनाई आहे. परंतु जाहिरातीतून पुसलेली ओळ मालकाच्या मनातूनही पुसली जाईल, असे नाही. ती पुसली जाते प्रत्यक्ष काम पाहून. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅनडाने २०२५ साठीचे स्थलांतरितांचे लक्ष्य पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणले. येणाऱ्यांची संख्या घटविल्याने आधीच आलेल्यांच्या कौशल्याची नासाडी थांबत नाही.

येथून जाणाऱ्यांनीही या वास्तवाची नोंद घ्यावयास हवी. कर्ज काढून केवळ व्हिसा आणि तिकीट यांची तजवीज करणे पुरेसे नाही. पदवीचे मूल्यमापन, आपल्या व्यवसायातील तेथील माणसांशी पत्रव्यवहार आणि नोकरीविना काही महिने निभावतील एवढी पुंजी, ही तयारी निघण्यापूर्वीच झाली पाहिजे. मात्र सारा भार त्यांच्याच शिरावर टाकणे न्याय्य होणार नाही. गुण मोजून ज्या देशाने माणसे निवडली, त्या गुणांचा उपयोग करून घेण्याची पहिली जबाबदारी त्या देशाचीच आहे. त्यासाठी मालकांनी थोड्या जागा आणि काही महिन्यांचा पगार खर्ची घालावा, ही मागणी मुळीच अवास्तव नाही.