भाषेचा अभिमान

आगगाडी अंधेरी स्थानकात शिरते, तेव्हा फलाटावरील पाटीवर गावाचे नाव मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वाचावयास मिळते. स्थानकाबाहेर अनेक दुकानांवर मात्र इंग्रजीचेच वर्चस्व असे. म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२२ साली कायद्यात दुरुस्ती केली. दुकानाच्या नामफलकावर मराठी देवनागरी अक्षरे असावीत व ती इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावीत, असे बंधन घातले गेले.

स्वभाषेसाठी कायदा करण्याची वेळ फ्रान्ससारख्या संपन्न देशावरही आली. भाषेची जोपासना करण्यासाठी तेथे १६३५ साली फ्रेंच अकादमी स्थापन झाली. जाहिरातींत फ्रेंच भाषा असलीच पाहिजे, असे १९९४ च्या कायद्याने ठरविले. संगणकासाठी इंग्रजी नाव न स्वीकारता १९५५ साली 'ऑर्दिनातर' हा फ्रेंच शब्द योजण्यात आला व तो घरोघरी रुळला. तरीही शनिवार-रविवारच्या सुटीला फ्रेंच माणूस 'वीकेंड'च म्हणतो!

आपल्याकडेही छत्रपती शिवाजी महाराजांनी कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथपंत हणमंते यांजकडून करवून घेतला. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे 'महापौर', 'दिनांक' असे शब्द लोकांनी आपलेसे केले. परंतु 'कागद' आणि 'दुकान' हे फारसीतून आलेले शब्द मराठीतून गेले नाहीत. ज्या साष्टी बेटावर अंधेरी वसली आहे, तेथे मराठ्यांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेपूर्वी पोर्तुगिजांचा अंमल होता. तो अंमल संपला. 'पाव', 'बटाटा', 'चावी' आणि 'पगार' हे पोर्तुगीज शब्द मात्र मराठीच होऊन राहिले.

तेव्हा परका शब्द घरात आला, म्हणून भाषा मरत नाही. पाहुण्याला जागा देण्यासाठी घरधनीच बाहेर पडला, तर मात्र घर ओस पडते. मराठी मूल इंग्रजी शिकते, हे योग्यच आहे. त्या भाषेत ज्ञानाचे मोठे भांडार आहे. परंतु तेच मूल आजीशी चार वाक्ये मराठीत बोलताना अडखळू लागले, तर आजीजवळच्या गोष्टी, ओव्या आणि म्हणी कोणाकडे जाणार?

कायदा पाटीवर अक्षरे लिहवून घेऊ शकतो. तोंडी शब्द घालणे त्याच्या हाती नाही. ते काम बोलणाऱ्याचे आहे. जो मराठीत हिशेब मांडतो, पत्र लिहितो, शंका विचारतो आणि नवे ज्ञानही मराठीत सांगण्याची खटपट करतो, त्याचाच भाषाभिमान खरा.