खंड की अर्धेल?

प्लॅटफॉर्म म्हटला की माझ्यासारख्या डोंबिवलीकराला एकच आठवतो, आणि त्यावर उभे राहण्यापुरती जागा मिळाली तरी तो धन्य होतो. त्यामुळे २०२१ साली आमची सौ. जेव्हा म्हणाली, "अहो, क्लाससाठी आता एक प्लॅटफॉर्म घ्यायला हवा," तेव्हा मी क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो.

सौ. दहावीचे गणित शिकवते. वीस वर्षे बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून शिकवले. २०२० साली टाळेबंदी आली आणि सतरंजी माळ्यावर गेली. सुरुवातीला झूमवर फुकटात भागले. पण तिथे चाळीस मिनिटे झाली की सभा आपोआप बरखास्त होई, आणि ती नेमकी प्रमेयाची शेवटची पायरी उरली असताना! पुढे मुले सतरंजीवर परत आली खरी, पण धडे पुन्हा पाहायची सवय त्यांना लागली ती लागलीच. धडे ठेवायचे, सरावाचे पेपर द्यायचे, फी गोळा करायची, या सगळ्यासाठी मोबाइलवरचे एक दुकान हवे झाले. त्याचेच नाव प्लॅटफॉर्म.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दोन कंपन्यांचे दर समोर आले तेव्हा मला आमचे आजोबा आठवले. साताऱ्याकडची तीन एकर जमीन ते कधी खंडाने देत, कधी अर्धेलीने. खंड म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम द्यायचीच. अर्धेल म्हणजे पिकेल त्यातला वाटा. पहिली कंपनी अर्धेलीची होती: दरमहा काही नको, पण जमलेल्या फीवर १० टक्के. दुसरी खंडाची: महिना ३,५०० रुपये, शिवाय पैसे वळते करणाऱ्याचे २ टक्के निराळे. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा आमच्यासारख्या क्लासवाल्यांना नोंदणीची सक्ती नाही. पण त्यामुळेच बिलावर भरलेला हा कर परत वळताही करून घेता येत नाही. तो सरळ खर्चात.

एकीने अर्धेलच धरायला सांगितले. "मेमध्ये मुलेच नसतात हो," एवढेच तिचे म्हणणे. पहिले वर्ष तसे काढले. मग मी वही घेऊन बसलो. मुले साठ, फी हजार रुपये. भर हंगामात अर्धेलीला महिन्याला ७,०८० रुपये जात. खंडाने ५,५४६ गेले असते. उन्हाळ्यात बारा मुले उरत. तेव्हा अर्धेलीला १,४१६ पुरत, खंडाला ४,४१३ लागले असते. पारडे फिरायचे ते चव्वेचाळिसाव्या मुलापाशी! दहा महिने भरलेले आणि दोन ओसाड धरले तरी खंडात वर्षाला नऊ हजारांवर रुपये वाचत होते. मी विजयी मुद्रेने वही पुढे सरकवली आणि २०२२ च्या जूनमध्ये आम्ही खंडाकडे गेलो.

खरे तर टक्केवारीबद्दल माझी तक्रार नव्हती. जो गिऱ्हाईक आणतो त्याने दलाली जरूर घ्यावी. उडेमी नावाच्या परदेशी पेठेत हा भेद चोख पाळतात: शिक्षकाने स्वतः आणलेल्या विद्यार्थ्याच्या पैशांतले ९७ टक्के शिक्षकाला, आणि पेठेने आणलेल्याच्या पैशांतले फक्त ३७. आमच्या कंपनीने आजवर एक मूल आणले नव्हते. आमची मुले येत ती शेजारच्या काकूंनी भाजीवालीजवळ केलेल्या स्तुतीमुळे. त्या काकूंनी कधी टक्का मागितला नाही. चिवडा मात्र हक्काने नेतात.

२०२४ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, कंपनीचे पत्र आले. १ डिसेंबरपासून खंड बंद. आता दर 'सक्रिय विद्यार्थ्या'मागे महिना ७५ रुपये. मी चटकन हिशेब केला: साठ पंचे... ४,५०० आणि कर. फारसे बिघडत नाही म्हणून मी चकलीकडे वळलो. पण पत्रासोबतच्या अंदाजपत्रकात मुले साठ नव्हती. एकशे पंचेचाळीस होती.

"ही पंच्याऐंशी कोण?" मी विचारले.

सौ. कढईपाशी गप्प उभी होती. मग म्हणाली, "जुनी मुलं आहेत. अकरावी-बारावीची. काही डिप्लोमाला गेलीत. त्रिकोणमिती अडली की येऊन बघतात. मी कुणाचा दरवाजा बंद केलाच नव्हता."

दरवाजा उघडा ठेवण्याचे भाडे असे होते: कर धरून महिना १२,८३२ रुपये, आणि वळतीचे १,४१६ निराळे. साठ हजारांतले चौदा हजारांवर तिकडेच जाणार. फी वाढवावी, तर सौ.ने जूनमध्ये पालकांना मार्चपर्यंतचा शब्द दिलेला.

"जुन्यांना काढून टाक," मी म्हणालो. बँकेतली सवय.

"अहो, ती बंद पडलेली खाती नाहीत," ती म्हणाली, आणि चकल्या उलटू लागली.

भाऊबीज झाल्यावर तिने मार्ग काढला. १४० धडे एकेक करून कंपनीच्या दुकानातून उतरवले आणि यूट्यूबवर, दुवा हाती असेल त्यालाच दिसतील असे, चढवले. त्याला पैसे पडत नाहीत. अकरा रात्री गेल्या. फी यूपीआयने थेट तिच्या खात्यात घ्यायची ठरली. बँक खात्यातून तशा भरलेल्या पैशांवर २०२० च्या जानेवारीपासून शुल्क नाही. साठ चालू मुले पेपरांसाठी तिथेच राहिली. डिसेंबरचे बिल आले ५,३१० रुपये, म्हणजे पूर्वीपेक्षा २३६ नी कमीच! त्या अकरा रात्री कोणत्या रकान्यात लिहाव्यात, हे मात्र मला अजून ठरवता आलेले नाही.

एक अडचण उरली होती. जुन्यांना नवा दुवा कळवायचा कसा? कंपनीच्या यादीत नुसती नावे. फोन नंबर ती देत नव्हती. तेव्हा सौ.ने कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. प्रवेशाच्या दिवशी मुलाचे नाव, आईचा नंबर आणि 'अपूर्णांक कच्चे' असले शेरे ती वर्षानुवर्षे त्यात लिहीत आली आहे. सगळे मोबाइलमध्ये असताना ही वही कशाला, म्हणून मी तिची थट्टा करीत असे.

आठवडाभर रात्री जेवणे झाली की ती फोन लावी आणि मी नावांपुढे खुणा करी. पहिलाच फोन एका डिप्लोमावाल्याच्या घरी. तो स्वतःच फोनवर आला.

"बाई, काल रात्रीपासून धडे उघडत नाहीयेत. काही चुकलं का माझं?"

"तुझं काही नाही रे," सौ. म्हणाली. "कागद-पेन्सिल घे, नवा पत्ता सांगते."