कॅज्युअल्टीच्या दारापाशी सुटलेले प्रश्न

रुग्णाला कॅज्युअल्टीत सोपवलं, कागदावर सही घेतली, की अ‍ॅम्ब्युलन्समधला पॅरामेडिक पुढच्या कॉलला निघतो. ज्याची छाती दाबून दाबून हात भरून आले, तो माणूस वाचला का, घरी गेला का, आपल्या हाताने जेवतो का, हे त्याला बहुधा कधीच कळत नाही. ब्रिटनमध्ये काही पॅरामेडिक संशोधनाकडे वळतात, ते याच हुरहुरीपोटी असणार असं मला वाटतं. तिथे त्यांचं शिक्षण विद्यापीठात होतं, व्यवसाय नोंदणीकृत आहे, आणि गाडीवरची ड्युटी सांभाळत पीएचडी करणारेही आहेत.

त्यांच्या हातून काय घडू शकतं, ते ‘पॅरामेडिक २’ या चाचणीत दिसलं. वॉरिक विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ ते २०१७ दरम्यान, हृदय बंद पडलेल्या ८,०१४ रुग्णांवर पाच अ‍ॅम्ब्युलन्स सेवांतल्या पॅरामेडिकनी ती राबवली. रस्त्यावर, लोकांच्या घरांत. साधारण निम्म्यांना अ‍ॅड्रेनलिन, बाकीच्यांना नुसतं सलाइन. सिरिंजमध्ये काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तीस दिवसांनी अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३.२ टक्के जिवंत होते, दुसऱ्यात २.४. मात्र वाचलेल्यांपैकी मेंदूच्या इजेने गंभीर अपंगत्व आलेले पहिल्या गटात ३१ टक्के निघाले, दुसऱ्यात १७.८. चाचणीआधी रुग्णांना आणि सामान्य माणसांना विचारलं होतं. नुसतं जगण्यापेक्षा मेंदू शाबूत राहून जगणं त्यांना मोलाचं वाटत होतं. ते विचारलं नसतं, तर ‘औषधाने जास्त वाचले’ एवढ्यावर समाधान मानणं सोपं होतं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, १०८ ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ पासून धावते आहे. तिच्याबद्दल बोलणं होतं ते बहुतेक गाडी किती मिनिटांत आली याचंच. ते महत्त्वाचं आहेच. पण पुढच्या सीटवर बसलेल्या मुलाला मागे आईचं काय चाललंय हे कोणी सांगितलं का? ‘इथे बेड नाही’ ऐकून गाडी पुन्हा वळली, तेव्हा रुग्णाला काय वाटलं? हे प्रश्न गाडीत बसणाऱ्यालाच सुचतात.

म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागांनी १०८च्या डॉक्टरांना आणि चालकांना अशा संशोधनासाठी आठवड्यातला एक पगारी दिवस मिळवून द्यावा. रुग्ण घरी गेल्यावर त्याच्याकडे जाऊन काय विचारायचं, ते त्यांनाच ठरवू द्यावं.