पॉटरचं पुढे काय झालं?

नाताळ जवळ आला की अमेरिकेत दोन गोष्टी हमखास उगवतात. एक, नाताळचे गोड गोड सिनेमे. दोन, त्या सिनेमांची टिंगल. टिंगल आली की चिडणारेही आलेच. "लहानपणापासून घरच्यांबरोबर बघतोय हो आम्ही, निदान एवढं तरी सोडा!" हा त्यांचा सूर. आणि त्यांना उत्तर द्यायला समजूतदार मंडळी असतातच : "अहो, विनोद आहे तो, एवढं काय मनावर घ्यायचं?"

मला या दोघांशीही भांडायचंय. दुसऱ्यांशी जरा जास्तच.

उदाहरण घेऊनच बोलू. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा फ्रँक काप्राचा १९४६चा सिनेमा. जॉर्ज बेली हा भला माणूस गावात एक छोटी कर्जसंस्था चालवतो. आपल्याकडची पतपेढीच म्हणा ना. त्याच्या विसराळू काकाच्या हातून संस्थेचे ८००० डॉलर गहाळ होतात आणि ते सापडतात नेमके गावातल्या बड्या धेंडाला, पॉटरला. तो गुपचूप ते दाबून ठेवतो. जॉर्ज जीव द्यायला निघतो, एक देवदूत त्याला वाचवतो, अख्खं गाव पैसे घेऊन त्याच्या घरी लोटतं, सगळे गातात. आपण डोळे पुसतो.

आणि पॉटर? पॉटरचं काहीही होत नाही. पैसे त्याच्याकडेच राहतात. सिनेमा संपतो.

१९८६च्या डिसेंबरात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'ने या सिनेमाचा 'हरवलेला शेवट' दाखवला. गाणं चालू असतानाच काकाला आठवतं की पैसे पॉटरकडे गेले. मग काय, जॉर्ज आणि सगळं गाव पॉटरच्या घरी जाऊन त्याला बेदम चोपतं. अत्यंत वेडगळ प्रकार. एका मिनिटापूर्वी शेजारधर्माने गहिवरलेली माणसं बाह्या सरसावून म्हाताऱ्यावर तुटून पडतात!

आता चिडणाऱ्यांना माझा प्रश्न. यात तुमच्या सिनेमाचा अपमान नेमका कुठे झाला? ज्याने हा शेवट लिहिला त्याने तो सिनेमा तुमच्यापेक्षा नीट पाहिलाय. तुम्ही दरवर्षी रडता, पण चोर मोकळा सुटला हे त्याच्या लक्षात राहिलं. विडंबन करायला मूळ गोष्ट पाठ असावी लागते. आपल्याकडे अत्र्यांनी केशवकुमार या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली, ती त्या कवींच्या कवितांची वळणं नेमकी ठाऊक होती म्हणूनच जमली. मराठीत 'विडंबन' आणि 'विटंबना' हे शब्द सख्खे शेजारी आहेत हे खरं, पण म्हणून एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरी टाकायचं नसतं.

बरं, ज्या 'परंपरे'साठी हा गळा काढायचा तिचा इतिहास तरी काय आहे? सिनेमा आला तेव्हा तोट्यात गेला. १९४७मध्ये एफबीआयच्या एका टिपणात तो संशयास्पद ठरला होता, का तर त्यात बँकवाल्याला खलनायक केलंय म्हणून! १९७४मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, टीव्ही केंद्रांना सिनेमा जवळजवळ फुकटात मिळाला, आणि त्यांनी तो दर नाताळात दळला. एका कारकुनी चुकीतून जन्मलेली परंपरा इतकी सोवळी कशी झाली? (प्रेम खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण प्रेम असलेल्या माणसाची आपण घरात थट्टा करतोच की!)

आता समजूतदार मंडळी. "नुसता विनोद आहे" असं म्हणून हे लोक विनोदाची बाजू घेतात असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते त्याचं तोंड बंद करतात. विनोद असला की त्याला काही म्हणायचंच नसतं का? त्या हरवलेल्या शेवटावर लोक इतके हसले, कारण तो राग प्रत्येकाच्या मनात होताच. मूळ सिनेमा म्हणतो, गाव चांगलं असेल तर सगळं ठीक होतं. विडंबन विचारतं, चोरी एकाने करायची आणि वर्गणी शेजाऱ्यांनी भरायची, हे ठीक कसं?

हा प्रश्न आपल्याला परका आहे का? २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना स्वतःच्याच खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. अशा वेळी नातेवाईक, शेजारी धावून येतात, उसने देतात. आपण त्याचं कौतुक करतो आणि ते करायलाच हवं. पण त्या कौतुकाच्या गलक्यात पॉटर मागच्या दाराने निघून जातो. डोळ्यात पाणी असलं की समोरचं नीट दिसत नाही, हसताना निदान डोळे कोरडे असतात.

म्हणजे प्रत्येक टिंगल थोर, असं मी म्हणत नाही. सांताक्लॉजच्या हातात बंदूक दिली की झालं विडंबन, असं समजणारे आळशी लोक ढिगाने आहेत. १९६४चा 'सांताक्लॉज कॉन्कर्स द मार्शियन्स' बघा. मंगळावरचे लोक सांताला पळवून नेतात, आणि हे विडंबन नव्हे, मुलांसाठी केलेला सरळ सिनेमा आहे! नुसता वेडगळपणा एवढा स्वस्त असतो. त्यामुळे माझी कसोटी सोपी आहे : हसून झाल्यावर मूळ सिनेमातलं काही नवीन दिसलं का? दिसलं तर विडंबन, नाहीतर नुसता दंगा.

तेव्हा चिडणाऱ्यांनो, जरूर चिडा, पण आधी नीट बघा. आणि "मनावर घेऊ नका" म्हणणाऱ्यांनो, तुम्ही मात्र जरा मनावर घ्याच. ८००० डॉलर अजून पॉटरकडेच आहेत.